चढावर दमणारा गवा

दसऱ्याच्या दिवशी सकाळी गवा कावळकड्याच्या दुसऱ्या वळणावर दमला.

साफ बंद पडला असता तर एक वेळ समजलं असतं. पण त्याचे दिवे चालू होते. पुढची चाकं सांगू तशी डावी-उजवीकडे वळत होती. खिडकीजवळच्या पडद्यावर त्याच्या कॅमेऱ्यातून समोरचा चढ स्वच्छ दिसत होता. गेला होता तो फक्त जोर. भौमीने रिमोटचा खटका पुढे ढकलला की गवा हातभर सरकायचा, थरथरायचा आणि पुन्हा जागच्या जागी थांबायचा.

"चल ना रे," खिडकीच्या जाड काचेला नाक लावून भौमी म्हणाली. "परवापर्यंत तर उड्या मारत चढत होतास! आजच तुला काय धाड भरली?"

गवा म्हणजे भौमीचा रेडिओवर चालणारा ट्रक. उंची तिच्या गुडघ्याएवढी, चाकं रुंद आणि खडबडीत, पोटात बॅटरी आणि विजेची मोटर. रंग काळा आणि चाकांवर पांढरे पट्टे. रानातल्या गव्याच्या पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतात म्हणे, म्हणून आजोबांनी त्याचं नाव गवा ठेवलं. भौमीने खरा गवा कधी पाहिला नव्हता. तिने कावळाही पाहिला नव्हता. ती मंगळावर जन्मली होती, आणि मंगळावर कावळे नसतात. तरी वसाहतीसमोरच्या उंच डोंगराला सगळे कावळकडा म्हणत आणि वसाहतीला माची म्हणत. पहिल्या यानातून आलेली मंडळी सह्याद्रीतली होती ना! डोंगर दिसला की त्याला नाव दिल्याशिवाय या लोकांना चैन पडत नाही.

या कावळकड्याच्या पलीकडे भौमीची आई होती.

आई जमिनीखालचं बर्फ शोधणाऱ्या तुकडीची प्रमुख होती. माचीवर पाणी इतकं मोजून मिळे की अंघोळ म्हणजे ओल्या पंच्याने अंग पुसणं. खाली बर्फ सापडलं तर सगळंच बदलणार होतं. म्हणून आईची तुकडी वेधनयंत्र (जमिनीत खोल भोक पाडणारं यंत्र) घेऊन पलीकडे गेली होती. ती नवरात्राआधी परतणार होती. पण ते यंत्र खोल गेलं की त्याचा जोर जाई, काम रखडे, आणि आईचं येणं पुन्हा लांबे. बाबा मालवाहू यानावर चालक होते. ते पृथ्वी आणि मंगळ यांच्यामधल्या वाटेवरच जास्त राहत. त्यामुळे घरात भौमी आणि आईचे वडील, म्हणजे आजोबा, असे दोघंच.

मोठ्या गाडीने कड्याला वळसा घालून पलीकडे जायला चार दिवस लागत. सरळ वर चढावं, तर भुसभुशीत मातीत मोठी गाडी रुते. हलका गवा मात्र सरसर चढून जाई. यावरूनच मायलेकींनी सीमोल्लंघनाचा बेत केला होता. दसऱ्याला दुपारी आई पलीकडून पायी माथ्यावर यायची, जिथे माचीच्या शिवेचा दगड उभा आहे तिथे. आणि अलीकडून गव्याने हरितगृहातलं आपट्याचं पान घेऊन जायचं. आईच्या पाठीवरच्या टाकीतली हवा परतीच्या वाटेलाही पुरायला हवी होती, म्हणून वर तिला जेमतेम अर्धा तास थांबता येणार होतं. माथ्यावर आली की तिच्याशी रेडिओवरून बोलताही येणार होतं. एरवी कडा मध्ये असल्यामुळे उपग्रहावरून चार ओळींचे निरोप तेवढे येत.

भौमीने आईचा आवाज दोन महिन्यांत ऐकला नव्हता.

तिने रिमोटचा खटका मागे ओढला. मागे येताना उतार असल्यामुळे गवा आपसूक घरंगळत, अगदी शहाण्यासारखा देवडीपाशी आला. देवडी म्हणजे माचीच्या भिंतीतली दोन दारांची खोली. तिचं एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही, त्यामुळे आतली हवा बाहेर पळत नाही. आतलं दार उघडताच भौमीने गव्याला उचललं आणि ती थेट आजोबांच्या कार्यशाळेत धावली.

डॉ. त्र्यंबक हिर्लेकर, म्हणजे आजोबा, मोठे विद्युतशास्त्रज्ञ. माचीचे उन्हातून वीज करणारे सौरपट त्यांनीच उभारलेले. माणूस प्रेमळ, पण एक खोड होती. कोडं पुढे आलं की ते ऐकून व्हायच्या आत त्यांचं उत्तर तयार असे.

"बॅटरी!" चष्मा कपाळावर ढकलत ते म्हणाले. "दुसरं काय असणार? उतरली असेल."

त्यांनी मल्टिमीटर (वीज मोजायचं हातातलं यंत्र) काढलं आणि बॅटरीला लावलं. आकडा आला साडेबारा व्होल्ट.

"व्होल्ट म्हणजे काय गं?" त्यांनी लगेच तिची परीक्षा घेतली.

"विजेच्या रेट्याचं माप. बॅटरी विजेला किती जोराने ढकलते ते."

"शाब्बास. आणि भरलेल्या बॅटरीचा रेटा इतकाच असतो. म्हणजे ही तर तुडुंब भरलेली आहे." आजोबांनी हनुवटी खाजवली. "मग आतून म्हातारी झाली असेल, माझ्यासारखी. बदलून टाकू."

फळीवरची नवी बॅटरी काढून त्यांनी गव्याच्या पोटात बसवली. कनेक्टर (बॅटरीच्या तारा आणि गाडीच्या तारा एकमेकींत अडकवणारी जोडी) खट्कन लागला. भौमीने गव्याला पुन्हा देवडीतून बाहेर सोडलं. सपाटीवर गवा छान पळाला. पहिलं वळण चढला. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. सरकला, थरथरला, थांबला.

आई पलीकडच्या तळावरून निघालीसुद्धा असेल. ती कड्यावर येईल, शिवेच्या दगडाशी एकटी उभी राहील, वाट पाहील आणि हात हलवत परत जाईल. "आजोबा, काहीतरी करा ना!" ती म्हणाली, आणि तिचा आवाज रडवेला झाला.

"मग मोटरच गेली," आजोबांनी निकाल दिला. "जळाली असणार. ती उघडून आतल्या तारेचे वेढे बघायला हवेत."

"किती वेळ लागेल?"

आजोबांनी पेचकस उचलला आणि परत खाली ठेवला. मोटर उघडायची म्हणजे संध्याकाळ होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गव्याला परत कार्यशाळेत आणून भौमी त्याच्यापाशी मांडी घालून बसली. रडून काही होणार नव्हतं, हे तिला कळत होतं. तिच्या वर्गातला यंत्रमानव गुरुजी नेहमी सांगे, उत्तर सुचत नसेल तर प्रश्न बारीक कर. तिने तो बारीक करायला घेतला.

"रेडिओ बिघडला असेल का? नाही. तो बिघडला असता तर चाकं वळली नसती."

"बरोबर," आजोबा म्हणाले.

तिने चारी चाकं हाताने फिरवून पाहिली. लोण्यातून फिरावीत तशी फिरली. म्हणजे दातेरी चाकांतही खडा अडकला नव्हता. "बाहेरच्या थंडीने असेल?"

"असू शकेल. थंडीत बॅटरी आळसावते."

"मग इथेच चढ करू या. इथे तर थंडी नाही. इथे गवा चांगला चालला तर थंडीचा दोष."

"खोलीत चढ कुठून आणणार?"

"चढ कशाला? गव्याला खुंट्याला बांधू. बांधल्यावर ओढायला जोर लागेलच की."

आजोबांना हसू आलं. त्यांनी लहानपणी कुडाळकडे ओढाळ बैल खुंट्याला बांधलेले पाहिले होते. टेबलाच्या पायाला दोरी बांधून तिचं दुसरं टोक त्यांनी गव्याच्या मागच्या कडीत अडकवलं. चाकं घसरू नयेत म्हणून भौमीने खाली काथ्याचं पायपुसणं अंथरलं आणि गव्याच्या पाठीवर हत्यारांची पेटी ठेवली. खटका पुढे केला. दोरी ताठ झाली. गव्याने एक हिसका दिला, थरथरला आणि थांबला.

"तसाच!" भौमी ओरडली. दोष तसाच होता तरी तिला आनंद झाला. दोष आता कड्यावर नव्हता, समोर टेबलाशी बांधलेला होता. "म्हणजे थंडीचा संबंध नाही. चढाचाही नाही. जोर लावायला गेला की दमतो, एवढंच."

"मोटर," आजोबा पुन्हा म्हणाले. पण या वेळी जरा हळू आवाजात.

भौमी एकटक मल्टिमीटरकडे बघत होती. तिला हरितगृहातली तिची स्वतःची पाळी आठवत होती. दर आठवड्याला ठिबकच्या नळ्यांची गाळणी धुवायचं काम तिच्याकडे असे. तिथे नळीवर पाण्याचा दाब दाखवणारी काट्याची तबकडी होती, आणि एकदा त्या तबकडीने तिला चांगलंच फसवलं होतं.

"आजोबा, ठिबकची गाळणी तुंबली ना, तरी नळ बंद असताना काटा पूर्ण दाब दाखवतो. मला वाटलं, सगळं ठीक आहे. पण नळ सोडला की काटा धाडकन खाली येतो आणि वांग्यांना थेंबही मिळत नाही. नळ बंद असताना काटा खोटंच बोलतो."

"खोटं नाही बोलत," आजोबा सावकाश म्हणाले. "पाणी वाहतच नसेल तर तुंबलेल्या जागी त्याचं काही अडत नाही. अडतं ते वाहायला लागल्यावर." आणि बोलता बोलता ते थांबले. चष्मा कपाळावरून नाकावर आला. "अगं पोरी, आपण मघाशी बॅटरी मोजली तेव्हा..."

"गवा बंद होता!"

"नळ बंद होता!" आजोबांनी कपाळावर हात मारून घेतला. "चाळीस वर्षं वीज शिकवली मी. आणि मोजलं कधी, तर गाडी झोपलेली असताना!"

मग दोघं कामाला लागले. गव्याला दोरीशी ओढायला लावायचं आणि तो ओढत असतानाच मोजायचं. आजोबांनी मल्टिमीटरच्या दोन सुया आधी बॅटरीच्या तोंडाशी टेकवल्या. भौमीने खटका दाबला.

"साडेअकरा," भौमीने वाचलं. "थोडा उतरला."

"एवढा उतरणारच. ओझं उचलताना माणूसही जरा वाकतो. आता कनेक्टरच्या पुढे मोजू, गतिनियंत्रकाच्या तोंडाशी."

गतिनियंत्रक म्हणजे मोटरला किती वीज सोडायची हे ठरवणारी छोटी डबी. बॅटरीकडून येणारी वीज कनेक्टरमधून जाऊन आधी तिच्यात शिरे आणि मग मोटरकडे जाई. सुया तिथे टेकल्या. खटका दाबला.

"नऊ!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बॅटरीतून साडेअकरा निघाले आणि वीतभर पुढे नऊच पोचले. मधले अडीच व्होल्ट गेले कुठे?

"वाटेत कुणीतरी खाल्ले," भौमी म्हणाली.

"आणि वाटेत आहे काय?"

वाटेत होता फक्त कनेक्टर. भौमीने त्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. कनेक्टर चटका बसण्याइतका तापला होता.

"हा बघ चोर," आजोबा म्हणाले. "विजेच्या वाटेतल्या अडथळ्याला रोध म्हणतात. रोध असेल तिथे विजेचा रेटा खर्ची पडतो, आणि त्याची उष्णता होते. गवा सपाटीवर असतो तेव्हा वीज थोडी वाहते, म्हणून रेटाही थोडाच वाया जातो. चढावर मोटर जास्त वीज मागते. प्रवाह वाढला की त्याच अडथळ्यात वाया जाणारा रेटाही तेवढ्याच पटीने वाढतो."

"म्हणून सपाटीवर पळतो आणि चढावर दमतो!" भौमीला ते लख्ख दिसलं. "पण नऊ व्होल्ट तरी मिळत होतेच की. मग तो थांबत का होता?"

"गतिनियंत्रक शहाणा आहे म्हणून. बॅटरी पार रिकामी होईपर्यंत वापरली तर ती कायमची खराब होते. म्हणून रेटा फार खाली आला की तो समजतो, बॅटरी संपत आली, आणि मोटरची वीज कमी करतो. बिचाऱ्याला काय ठाऊक, बॅटरी भरलेली आहे आणि मध्ये कुणी डल्ला मारतंय!"

"आणि बॅटरी बदलूनही तेच झालं, कारण..." भौमी विचार करत थांबली. "कारण कनेक्टरचा बॅटरीकडचा अर्धा भाग बदलला. गाडीकडचा अर्धा तोच राहिला."

आजोबांनी तिच्या डोक्यावर टप्पल मारली. हिर्लेकरांच्या घरात याच्यावर कौतुक नसे.

कनेक्टर निवल्यावर त्यांनी तो सोडवला. गाडीकडच्या अर्ध्या भागात पितळी नळ्या होत्या, आणि भिंगातून पाहिलं तर त्यांच्या आत लाल पूड घट्ट चिकटून बसली होती.

"झालं!" आजोबांनी मांडीवर थाप मारली. "मंगळाची धूळ! शंभरदा सांगितलं या माचीवर, सगळ्या रोगांचं मूळ ही लाल धूळ आहे म्हणून."

पण भौमीचं समाधान झालं नाही. "आजोबा, बॅटरीचं खोकं तर रबराच्या पट्टीने बंद असतं. धूळ आत कशी आली? आणि आलीच, तर खोक्यात दुसरीकडे कुठेच कशी नाही? नेमकी या नळ्यांतच जाऊन बसली?"

"हुशार असते ती धूळ."

"आणि परवापर्यंत नव्हती, आज कशी आली? काल तर गवा बाहेर गेलाच नव्हता. खंडेनवमीला यंत्रांना सुट्टी असते, असं तुम्हीच म्हणालात."

काल खंडेनवमी होती. हत्यारांच्या आणि यंत्रांच्या पूजेचा दिवस. माचीवर सगळ्या यंत्रांची पूजा झाली होती. गव्याला तर आजोबांनी हरितगृहातल्या झेंडूचा हार घातला होता, आणि त्याच्या पुढच्या दोन चाकांखाली दोन लिंबं ठेवली होती. ती अजून कोपऱ्यातल्या पाटावर तशीच होती. भौमीची नजर त्या पाटाकडे गेली आणि पाटावरच्या करंड्यावर खिळली.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही कुंकू कसं करता?"

"हळदीचं. आपल्याच हळदीत चुन्याची निवळी घातली की ती लाल होते. चुन्यामुळे हळदीचा रंग बदलतो. आणि त्यावर आंबट काही पडलं, तर पुन्हा..." आजोबांचं बोलणं अर्ध्यावर थांबलं.

भौमीने दोन बश्या आणल्या. एकीत देवडीच्या उंबऱ्यावरची मंगळाची धूळ चिमूटभर टाकली. दुसरीत कनेक्टरमधली लाल पूड सुईने खरवडून घातली. पाटावरचं एक लिंबू कापून दोन्हींवर थेंब थेंब पिळलं.

मंगळाची धूळ म्हणजे लोखंडाचा गंज. ती लाल होती ती लालच राहिली. दुसऱ्या बशीतली पूड मात्र कडेकडेने पिवळी होत गेली, आणि बघता बघता हळदीसारखी पिवळीधमक झाली.

भौमीने ती बशी आजोबांसमोर सरकवली.

"कुंकू कुठे लावलं होतंत?" भौमीने विचारलं.

आजोबांचे कान लाल झाले. "अगं, लोक आपले टपावर बोट टेकवतात, आणि झाली पूजा. मी म्हटलं, आपण शास्त्रज्ञ. गाडीची शक्ती टपात नसते, ती बॅटरीतून येते. म्हणून कनेक्टर सोडवला आणि पाण्यात कालवलेलं कुंकू, म्हटलं, नेमकं शक्तिस्थानी..." त्यांनी डोळे मिटून घेतले. "भौमी, गव्याला दमवलं ते मीच. आणि धुळीला शिव्या देत बसलो."

भौमीला राग यायला हवा होता. पण आजोबांचा चेहरा बघून तिला इतकं हसू फुटलं की तिला खाली बसावं लागलं, आणि मग आजोबाही हसायला लागले. हसता हसता तिचं घड्याळाकडे लक्ष गेलं आणि हसू जागीच विरलं.

बॅटरी बाजूला ठेवून आजोबांनी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बारीक कुंचल्याने नळ्या आतून घासल्या आणि कापसाच्या बोळ्यांनी पुसल्या. पहिला बोळा गुलाबी निघाला, दुसरा फिका, तिसरा पांढरा. पितळ चकाकायला लागलं. नीट वाळू दिल्यावर त्यांनी कनेक्टर लावला.

"चला, निघू दे आता," ते म्हणाले.

"आधी मोजायचं," भौमी म्हणाली. "दुरुस्त झालं असं वाटणं वेगळं आणि झालेलं असणं वेगळं."

दोरी, पायपुसणं, खटका. बॅटरीपाशी साडेअकरा. गतिनियंत्रकापाशी साडेअकराला किंचित कमी. गव्याने असा काही हिसका दिला की टेबल सरकलं आणि त्यावरचा आजोबांचा चहा लवंडला.

एवढ्यात भिंतीवरच्या ध्वनिक्षेपकातून मनोऱ्यावरच्या रझियामावशींचा आवाज आला. माचीवरून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसावर आणि गाडीवर त्यांची नजर असे. "भौमी बेटा, तुझी आई माथ्यावर पोचली गं. मला दिसतेय. तुझा ट्रक कुठाय?"

"निघाला, मावशी!"

आपट्याचं पान काचेच्या नळीत घालून गव्याच्या पाठीवर बांधलेलंच होतं. भौमीला आणखी एक गोष्ट सुचली. पाटावर उरलेलं दुसरं लिंबू तिने बॅटरीच्या उबदार खोक्यात एका बाजूला बसवलं. का, ते तिला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. परीक्षा घेणाऱ्या लिंबाच्या त्या जोडीदारावर तिचा जीव जडला होता, इतकंच.

देवडीचं बाहेरचं दार उघडलं आणि गवा सुटला. सपाटी मागे पडली. पहिलं वळण गेलं. दुसरं वळण आलं तशी भौमीची बोटं रिमोटवर घट्ट झाली. आजोबांनी तिच्या खुर्चीची पाठ धरून ठेवली. पडद्यावर भुसभुशीत लाल माती उडाली, चाकं क्षणभर गरगरली आणि गवा एकदम वर उसळला. वळण मागे पडलं!

"सरळ, सरळ ठेव," आजोबा पुटपुटत होते. "धोंड्याच्या डावीकडून."

"बेटा, आई आता फार वेळ नाही थांबायची," रझियामावशी म्हणाल्या. "तिच्या हवेचं बघावं लागतंय मला."

शेवटचा चढ सगळ्यांत उभा होता. गवा थांबला नाही. आधी पडद्यावर गुलाबी आकाश आलं, मग शिवेचा उंच दगड, आणि दगडाशेजारी पांढऱ्या अंतराळवेषातले दोन पाय. ते पाय गुडघ्यांवर टेकले आणि पडदाभर आईचा चेहरा आला. शिरस्त्राणाच्या काचेआड तिचे डोळे भरले होते.

"आलास रे माझ्या राजा," आई गव्याला म्हणाली. मग कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "भौमी? ऐकू येतंय का गं?"

भौमीने पडद्यावरच्या आईच्या गालाला बोट लावलं. "सोनं घे, आई," ती म्हणाली.

"तूही सोन्यासारखी राहा," आई म्हणाली आणि तिने काचेची नळी छातीशी धरली. "उशीर का झाला गं? मला वाटलं, येतच नाहीस."

"आजोबांनी गव्याच्या पोटात कुंकू भरलं होतं."

"काय?"

"मग सांगते. तू घरी कधी येणार?"

आईने नजर वळवली. "कसं सांगू, सोन्या? ते यंत्र खोल गेलं की दमतं. बॅटऱ्या बदलून झाल्या, मोटर बदलून झाली. वर ठीक चालतं, खाली गेलं की जोर जातो."

भौमी ताडकन उभी राहिली.

"आई, तुम्ही व्होल्टेज मोजता ते कधी? यंत्र खाली जोर लावत असताना, की वर काढून ठेवल्यावर?"

आईने हातातली नळी खाली केली.

"वर काढल्यावर," आई हळूच म्हणाली. "खाली असताना कोण मोजणार गं? तारा वर ओढून..." आणि ती बोलायची थांबली. अगदी मघाशी आजोबा थांबले होते तशी.

"नळ बंद असताना मोजताय तुम्ही!" भौमी म्हणाली. "चालू असताना मोजा. प्रत्येक कनेक्टरच्या अलीकडे आणि पलीकडे. जिथे व्होल्ट हरवतील तिथे चोर. आणि आई, बॅटरीच्या खोक्यात लिंबू आहे, ते घेऊन जा. लाल पूड सापडली तर तिच्यावर पिळून बघ."

"लिंबू?"

"घे तर! मग कळेल."

आईने लिंबू घेतलं, हातमोज्यात घट्ट धरलं, उठली आणि पलीकडच्या उतारावर दिसेनाशी झाली. गवा शिवेच्या दगडाशी एकटाच उरला. भौमीने त्याचा कॅमेरा पलीकडे वळवला आणि आई एक पांढरा ठिपका होईपर्यंत ती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती आणि आजोबा गव्याच्या चाकांतली माती काढत होते. पुढच्या वर्षी गव्याला कुंकू कुठे लावायचं, यावर दोघांचा वाद रंगला होता. शक्तिस्थानाची पूजा नको असं नाही, पण ती टपावरूनच व्हावी, असं भौमीचं म्हणणं होतं. आजोबा म्हणत होते की आधी मोजून दाखव, मग मान्य करीन. तेवढ्यात भिंतीवरच्या पडद्यावर उपग्रहावरून आलेला आईचा निरोप उमटला. नेहमीसारखाच, चार ओळींचा.

"चोर सापडला. तिसऱ्या कनेक्टरमध्ये, लाल पूड. लिंबू पिळलं, पण लाल ते लालच राहिलं. आजोबांना सांग, या खेपेला ते निर्दोष आहेत, ही खरीच मंगळाची धूळ.

"साफ केल्यावर यंत्र थांबलंच नाही. आज सकाळी त्याच्या टोकाला बर्फ लागलं.

"पहिला डबा भरून घेऊन निघते आहे. दिवाळीआधी घरी.

"उटणं काढून ठेव. यंदाची पहिली अंघोळ पंच्याने पुसून नाही, तांब्याने डोक्यावर पाणी ओतून."

भौमीने तो निरोप दोनदा वाचला. मग ती आजोबांकडे वळली.

"आजोबा, डोक्यावरून पाणी ओतल्यावर कसं वाटतं हो?"

आजोबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. नेहमीसारखं ते तयारच होतं. पण ते थांबले, चष्मा काढून पुसत राहिले, आणि म्हणाले, "ते सांगून नाही कळायचं, बाळ. ते पाणी वाहत असतानाच बघायचं."